रोज रात्रीची पंधरा मिनिटं: ख्रिस्ती माणसाने स्वतःची झडती कशी घ्यावी

"प्रभू, मी पापी आहे" हे म्हणायला आपल्याला काहीच जड जात नाही. उपासनेत सगळे एका सुरात म्हणतात, मिस्सामध्ये छातीवर हात मारून म्हणतात, आणि बाहेर येऊन चपला घालताना कोणी म्हणालं की काल मीटिंगमध्ये तुम्ही त्यांना जरा जास्तच बोललात, की लगेच आपला पारा चढतो. आत्ताच सगळ्या पापांची कबुली देऊन आलो, पण हे एवढं एक पाप मात्र मान्य नाही. माझं म्हणणं असं की नम्रता आणि आत्मपरीक्षण या दोन्ही गोष्टी त्या एकाच पापापाशी सुरू होतात, ज्याला वार आहे, वेळ आहे आणि समोरच्या माणसाचं नाव आहे. मोघम कबुलीच्या आड माणूस आयुष्यभर लपून राहू शकतो. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं नाही" म्हटलं तर तो औषध कशावर देणार, तसंच हे. म्हणून रोज नक्की काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं आणि कुठे घसरायला होतं ते सविस्तर लिहितोय. कॅथलिक असा, मेथॉडिस्ट असा, सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असा की पेंटेकॉस्टल, यातलं जवळपास सगळं तुम्हाला चालेल.

सुरू करायच्या आधी

लूक १८ मधला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, आठवा. आपण त्याला गर्विष्ठ म्हणून सोडून देतो पण तो मंदिरात उभा राहून स्वतःला तपासतच होता की! आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या उत्पन्नाचा दशमांश, आणि यातलं काही खोटं होतं असं येशू म्हणत नाही. बिघडलं कुठे तर त्याने मोजपट्टी म्हणून शेजारचा जकातदार घेतला, ज्याला लोक पापी समजत. जकातदाराने कोणाकडे पाहिलंच नाही, त्याची प्रार्थना एका ओळीची, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो. म्हणजे वही-पेन घेऊन बसलो की आत्मपरीक्षण झालं असं नाही. पहिला नियम हाच ठेवा, की आपल्या वहीत दुसऱ्याच्या चुकीचं वाक्य आलं की ते खोडायचं. ती चूक खरी असेल तरी खोडायचं, कारण ही वही तिच्यासाठी नाही.

दुसरं म्हणजे, स्वतःला कमी लेखणं ही नम्रता नव्हे. गाणं चांगलं येतं तर येतं म्हणावं. "छे, मला कुठे काय येतंय" म्हणून चार जणांकडून आग्रह करून घेणं हाही मानाचाच एक प्रकार झाला. योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो त्याच्या आधीचं वाक्य बघा, पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय आणि आपण देवाकडून आलो आहोत हे जाणून तो उठला आणि कमरेला रुमाल बांधला. आपण कोण आहोत हे पक्कं ठाऊक होतं म्हणूनच तो वाकू शकला. ज्याला सतत स्वतःला सिद्ध करायचं असतं त्याला वाकताच येत नाही.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण सांगतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला आलं, देशोदेशी नाव झालं, विधवा मुलींसाठी एवढं मोठं काम उभं राहिलं. आणि तरी त्यांनी आपल्या साक्षीत, म्हणजे स्वतःच्या विश्वासाच्या अनुभवकथनात, लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नव्हता. विचार करा, सगळं जग जिला आदर्श ख्रिस्ती म्हणतंय ती बाई हे कागदावर मांडतेय, ते छापायला देतेय. कोणी आरोप केला म्हणून नव्हे तर स्वतः आत डोकावून. केडगावचं मुक्ती मिशन हे लक्षात आल्यानंतर उभं राहिलं आणि ही कबुली छापल्यावरही त्यांचं काम थांबलं नाही हेही ध्यानात ठेवा, कारण खरं बोललो तर सेवेतलं स्थान जाईल ही भीती आपल्यात बऱ्याच जणांना असते.

पायरी १: वेळ, जागा, वही

पंधरा मिनिटं पुरतात. अंथरुणात पडून करू नका, झोप लागते. जेवणं झाल्यावर, भांडी आवरल्यावर, घरात टीव्ही चालू असेल तर गॅलरीत किंवा जिन्यात बसा, पण बसून करा. फोन दुसऱ्या खोलीत. वही साधी घ्या आणि कोणाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, नाहीतर तुम्ही नकळत वाचणाऱ्यासाठी लिहायला लागाल आणि मग तिच्यात खरं काही उरणार नाही.

खाली दिलेला क्रम मुळात संत इग्नेशियस लोयोलांचा आहे, जेजुइट संघाचे संस्थापक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून या सरदाराचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच्या मनात काय चाललंय ते तो निरखायला लागला, आणि त्यातून पुढे जी साधना तयार झाली तिच्यात रोजच्या परीक्षणाच्या पाच गोष्टी आहेत: उपकारस्मरण, प्रकाश मागणं, दिवस तपासणं, क्षमा मागणं, पुढचा निश्चय. प्रॉटेस्टंट वाचकांनी बिचकू नये, पाचही गोष्टी स्तोत्रसंहितेत सापडतात.

पायरी २: आधी आभार, मग प्रकाश

बरेच जण थेट पापांवर उडी मारतात. तसं करू नका. आधी आजच्या दोन-तीन खऱ्या गोष्टींसाठी आभार माना, म्हणजे "सर्व आशीर्वादांसाठी" असं नाही तर लोकलमध्ये कोणीतरी बसायला जागा दिली, मुलीचा ताप उतरला, असं. याने होतं काय की आपण न्यायाधीशासमोर नाही तर बापासमोर बसलोय हे मनाला पटतं, आणि बापासमोर खरं बोलायला जास्त धीर होतो.

मग प्रकाश मागा. स्तोत्र १३९ च्या शेवटी दावीद राजा म्हणतो, देवा, माझी झडती घे, माझं हृदय जाण, माझ्यात वाईट मार्ग आहे का पाहा. झडती देवाने घ्यायचीय, आपण फक्त दारं उघडायची. याची गरज का, तर दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्याशी व्यभिचार करून तिच्या नवऱ्याला मारवल्याच्या प्रकरणात याच दावीदाला स्वतःचं पाप दिसत नव्हतं. नाथान संदेष्ट्याने, श्रीमंत माणसाने गरिबाची कोकरी हिसकावल्याची गोष्ट सांगितली तेव्हा तो संतापून त्या माणसाला मरणदंड द्यायला निघाला, आणि तो माणूस तूच आहेस हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागलं. दुसऱ्याच्या पापाचा जेव्हा फारच राग येतो ना, तेव्हा त्या रात्री तिथे जरा जास्त वेळ थांबा.

पायरी ३: घड्याळाप्रमाणे दिवस फिरून या

सकाळी उठल्यापासून सुरू करा. घरातलं पहिलं वाक्य कोणाला काय बोललो, बसस्टॉप, ऑफिस, कामवाल्या बाईशी कसं वागलो, मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर कोणाचा मेसेज मुद्दाम न वाचता सोडला, कोणाच्या मागे कोणाबद्दल बोललो. फक्त केलेलं नाही तर करायचं राहिलेलंसुद्धा. मिस्सामधल्या कबुलीत विचार, शब्द, कृती यांच्याबरोबर कर्तव्यातली कसूरही येते ती उगाच नाही. आजाऱ्याला भेटायला जायचं चार रविवार म्हणतोय आणि गेलो नाही, हे पापाच्या यादीत येत नाही म्हणून सुटून जातं.

लिहायचं कसं ते बघा. "आज चिडचिड झाली, प्रभू क्षमा कर" ही ओळ निरुपयोगी. "चिडचिड झाली" म्हणजे जशी काही आकाशातून पडली. त्याऐवजी असं लिहा: "साडेसातला आई गोळ्यांचं तेच तेच विचारत होती, मी फोनमधून मान वर न करता किती वेळा सांगू म्हणून ओरडलो. ती गप्प झाली आणि रात्रीची गोळी न घेताच झोपायला गेली." बघा, दुसऱ्या ओळीत कोणी, कोणाला, कसं आणि त्याचं पुढे काय झालं हे सगळं आलं. वाचताना पोटात कालवतं आणि तसंच व्हायला पाहिजे. रोज अशा एक-दोनच नोंदी पुरे, वीस नकोत.

पायरी ४: खाली काय होतं ते विचारा

प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न. मला त्या क्षणी काय हवं होतं? मला कशाची भीती होती? माझ्या वागण्याची किंमत कोणी मोजली? आईच्या नोंदीत उत्तर कदाचित असं येईल की मला मॅच बघायची होती, आई आता विसरायला लागलीय हे बघायची भीती वाटते म्हणून मी तिचा प्रश्नच झटकला, आणि किंमत तिने मोजली, गोळी चुकली. बघा, राग वर होता पण खाली वेगळंच निघालं. रागासाठी क्षमा मागून खालची भीती तशीच ठेवली तर उद्या साडेसातला पुन्हा तेच होणार.

पायरी ५: "पण" काढून टाका

सगळ्यात अवघड पायरी ही. बायबलमध्ये दोन राजे शेजारी शेजारी आहेत. १ शमुवेल १५ मध्ये शत्रूची सगळी जनावरं मारून टाकायची देवाची आज्ञा मोडून शौल शमुवेल संदेष्ट्याकडून पकडला जातो तेव्हा आधी म्हणतो मी आज्ञा पाळलीच आहे, मग म्हणतो लोकांनी मेंढरं ठेवून घेतली, मग मी लोकांना भ्यालो, आणि शेवटी मी पाप केलं आहे हे तोंडातून निघतं, पण लगेच शमुवेलाला विनवतो की माझ्या लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. पाप कबूल, फक्त इज्जत जायला नको. इकडे दावीद नाथानासमोर एवढंच बोलतो की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. संपलं. खरं तर दावीदाचं पाप कोणत्याही माणसाच्या मोजमापाने भयानक होतं, व्यभिचार आणि वर खून, तरी तो देवाकडे वळू शकला तो या एका वाक्यामुळे.

तर आपली नोंद पुन्हा वाचा आणि पण, कारण, खरं तर, त्यांनीसुद्धा, मी दमलो होतो, हे जिथे जिथे आलंय तिथे रेघ मारा. दमलेला होतात हे खरं असेलही, देवाला ते माहीत आहे, त्याला आठवण करून द्यायची गरज नाही.

पायरी ६: क्षमा घ्या आणि तिथून उठा

१ योहान १:९ वर विश्वास ठेवा. आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, क्षमा करतो. एकदा मागितली की झाली, त्याच पापासाठी रोज रोज नाक घासायचं नाही. इथे इग्नेशियसचीच पुढची गोष्ट सांगायला हवी. १५२२ मध्ये मानरेसा गावी राहत असताना त्याला जुन्या पापांचा असा काही घोर लागला की कबुली देऊन झाली तरी काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटायचं, परत जायचा, परत तेच, शेवटी जीव द्यावासा वाटण्यापर्यंत मजल गेली. देव सोडवेपर्यंत अन्न घ्यायचं नाही म्हणून आठवडाभर उपाशी राहिला आणि त्याच्या गुरूने तो उपास सोडायला लावला. यातून बाहेर पडल्यावर जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत असं त्याने ठरवून टाकलं. हीच पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते त्याची ही अवस्था झाली होती, तेव्हा तुमची होऊ शकते. झोप उडालीय, भूक गेलीय, दिवसभर मी वाईट मी वाईट हेच डोक्यात चाललंय, तर ते आत्मपरीक्षण नाही, तो आजार असू शकतो. वही बंद करा, पास्टरशी किंवा फादरशी बोला आणि डॉक्टरलाही दाखवा. सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. यात विश्वास कमी पडला वगैरे काही नाही.

पायरी ७: माणसाकडे जा

देवाची क्षमा मागितली म्हणजे माणसाची मागायची गरज नाही असं बरेच जण धरून चालतात. मत्तय ५:२३-२४ बरोब्बर उलटं सांगतं, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. आणि लूक १९ मधल्या जक्कय या जकातदाराने नुसतं सॉरी म्हटलं नाही, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत, असा आकडा बोलला.

माफी अशी मागा: "आई, काल गोळ्यांवरून मी तुझ्यावर ओरडलो. चूक माझी होती." मग थांबा. ती काहीतरी बोलेल, ऐकून घ्या. आणि मग दुरुस्ती करा, आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरून ठेवा, पाकिटांवर मार्करने मोठ्या अक्षरात सकाळ-रात्र लिहा. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं कधीच म्हणू नका, त्यात दोष तिच्या वाटण्याला दिला जातो. गुपचूप दुखावलं असेल तर गुपचूप माफी, चारचौघांत अपमान केला असेल तर त्याच चारचौघांत. ग्रुपवर टाकलेला टोमणा असेल तर माफीही ग्रुपवरच. समोरच्याने माफ केलंच पाहिजे असा हट्ट नको, तो त्याचा आणि देवाचा प्रश्न. पैशाची गोष्ट असेल तर आधी पैसे, मग शब्द.

एका वेळी एकच खोड

काही आठवड्यांनी तुमच्या वहीत एकच गोष्ट फिरून फिरून दिसेल. कोणाचं बोलणं मधेच तोडणं, साक्ष देताना थोडं वाढवून सांगणं, मोठ्यांसमोर एक आणि मागे एक. ती एकच धरा. यासाठी इग्नेशियसने सुचवलेला उपाय फार साधा आहे. सकाळी उठल्यावर ठरवायचं की आज हे टाळायचं. कागदावर आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघा, दर दिवसाच्या दोन, दुपारच्या जेवणानंतर पहिल्या रेघेवर जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके, रात्री दुसऱ्या रेघेवर. दिवसात चुकलो त्या क्षणी हळूच छातीवर हात ठेवायचा, आजूबाजूच्या कोणाला कळतसुद्धा नाही. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, काल आजशी, हा आठवडा मागच्याशी ताडून बघायचा. ठिपके कमी झाले तर आभार माना आणि कोणाला सांगत बसू नका.

प्रभुभोजनाच्या आधीची झडती

१ करिंथ ११:२८ मध्ये प्रेषित पौल म्हणतो माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग प्रभुभोजनाची भाकर खावी. हे वाक्य आपण सुटं वाचतो. मागची वचनं वाचा, भांडण कशावरून होतं? करिंथ शहरातल्या मंडळीत काही जण आपलं जेवण आधी उरकून घेत होते, कोणी भुकेला, कोणी झिंगलेला, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना लाज आणत होते. म्हणजे पौलाची झडती मुख्यतः या प्रश्नाची आहे की मंडळीतल्या गरिबाला मी कसं वागवतो. आपल्याकडे हा प्रश्न फार झोंबणारा आहे. चर्चमध्ये पुढच्या बाकावर कोण बसतं, मयतीला कोणाच्या घरी सगळे जातात आणि कोणाच्या घरी चार माणसं, मुलीसाठी स्थळ बघताना "ते मूळचे कोण?" हे कुजबुजत कोण विचारतं. बाप्तिस्म्याला तीन-चार पिढ्या झाल्या तरी जात विचारायची आणि त्याच रविवारी एका भाकरीतून खायचं, हे चालत नाही. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी यावर वही उघडाच.

एकट्याने सगळं दिसत नाही

आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसायला दुसऱ्याचा डोळा लागतो. मेथॉडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने २५ डिसेंबर १७३८ ला छोट्या गटांसाठी नियम लिहिले, दर आठवड्याला भेटायचं आणि एकमेकांना विचारायचं: मागच्या भेटीनंतर कोणती पापं जाणूनबुजून केलीस, कोणते मोह आले, त्यातून कसा सुटलास, आणि असं काय बोललास-केलंस जे पाप आहे की नाही याची तुला शंका आहे. याला आधार याकोब ५:१६. कॅथलिकांकडे यासाठी कन्फेशन आहेच, तिथलं फादर कुठेही बोलू शकत नाहीत, त्याचा पुरेपूर उपयोग करा आणि तिथेही मोघम बोलू नका. बाकीच्यांनी एक माणूस निवडा. पुरुषाने पुरुष, बाईने बाई, तुमच्यावर ज्याची नोकरी किंवा लग्न अवलंबून नाही असा, आणि मुख्य म्हणजे ज्याने आजवर दुसऱ्याचं काही तुम्हाला येऊन सांगितलेलं नाही असा. प्रार्थना विनंती म्हणून गावभर करणारे पुष्कळ असतात, त्यांना टाळा.

आता हे नीट वाचा. नम्रतेच्या नावाखाली दुसऱ्याला गप्प बसवणं आपल्या घरांत आणि मंडळ्यांत चालतं. नवरा हात उचलतो आणि बाईला सांगितलं जातं की नम्र राहा, स्वतःला तपास, तुझंच काही चुकत असेल. कमिटी पैशाचा हिशोब देत नाही आणि विचारणाऱ्याला गर्विष्ठ ठरवतात. हे ख्रिस्ताचं शिक्षण नव्हे. योहान १८ मध्ये प्रमुख याजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा येशू त्याला विचारतो, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? त्याच्याइतका नम्र कोणी नाही आणि तरी त्याने हे विचारलं. ज्या बहिणीला घरात मार बसतोय तिने ही वही लिहायच्या आधी सुरक्षित जागी जावं, महिला हेल्पलाइन १८१ आहे. झडती मारणाऱ्याची व्हायला हवी.

राहिलं तर

दिवस चुकतील. प्रवास, पाहुणे, आजारपण. मागचे दिवस भरून काढत बसू नका, आजचाच दिवस घ्या. महिन्यातून एकदा वही चाळा, जी माफी मागायची राहिली तिच्यापुढे खूण करा आणि तो फोन त्याच आठवड्यात करा. भरलेली वही सांभाळून ठेवायची नाही, तिच्यात इतरांची नावं आहेत. माफ्या मागून झाल्या की फाडून टाका आणि नवीन आणा.